सेलवरचे समुद्रमंथन

जयप्रकाश तायशेटे यांना कुणी प्रश्न विचारला आणि त्यांनी ‘माहीत नाही’ असे उत्तर दिले, असे नेरुळच्या सागरछाया सोसायटीत कुणालाही आठवत नाही. पाण्याची टाकी का भरत नाही, टीव्हीवर मुंग्या का येतात, नव्या बजेटमध्ये फ्रिज स्वस्त होणार की महाग, यांतल्या कशावरही त्यांचे मत तयार असे. मत चुकले तर चूक पाण्याची, टीव्हीची किंवा सरकारची असे.

तायशेटे मूळचे कुडाळकडचे. वाढले लालबागला. तंत्रनिकेतनात दाखल झाले आणि पहिल्या वर्षानंतर तिथून बाहेर पडले. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात त्यांना नोकरी लागली ती स्टोअर्समध्ये. व्हॉल्व्ह, गेज, बेअरिंग असा माल फळीवर लावायचा, मोजायचा, मागणी आली की द्यायचा, हे त्यांचे काम. मोजणीत ते चोख होते. मात्र ‘काय करता?’ असे कुणी विचारले की ते ‘इन्स्ट्रुमेंटेशनला आहे’ असे सांगत. उपकरणे त्यांच्या हातातून गेली, एवढे त्यात खरे होते.

पंच्याण्णव साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. तायशेट्यांनी सही केली आणि सोसायटीत सांगितले की कंपनीकडे आपल्या तोडीचे कामच उरले नव्हते. त्यानंतर घर चालले ते सरोजिनीबाईंच्या पगारावर. त्या बेलापूरला एका सरकारी कार्यालयात होत्या. सकाळी त्या बाहेर पडत आणि तायशेटे घरी राहत, गॅसच्या सिलिंडरची वाट पाहत. दुपारी बेल वाजे. साबण विकणारा मुलगा त्यांच्या खांद्यावरून आत बघत विचारी, “बाई आहेत का घरात?” तायशेटे दार लावून घेत.

या रिकाम्या दुपारी त्यांनी शोध लावायला सुरुवात केली. टाकी भरली की वाजणारा भोंगा हा पहिला. टाकी रिकामी असली की तो वाजे आणि भरून वाहू लागली की गप्प बसे. पाणी जिन्यावरून खाली येऊन आपले आपणच कळवत असे. भोंगा काढून टाकताना तायशेटे म्हणाले की टाकीचा आकार चुकीचा आहे.

मग सत्त्याण्णव साली सर्व्हो मोटरी आल्या. सरोजिनीबाईंचा धाकटा भाऊ बोटीवर होता. दाजींना यंत्रांची आवड आहे हे ऐकून त्याने सिंगापूरहून सहा मोटरी आणल्या. रेडिओवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानाचे शेपूट आणि पंख हलवायला त्या वापरतात. काडेपेटीएवढी काळी डबी, तिला तीन वायरी आणि वर एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. ही मोटर पंख्यासारखी गरगर फिरत नाही. सर्किटने सांगितले तेवढीच पट्टी वळते आणि तिथेच दाबून धरते. वळायला वीज लागते, दाबून धरायला लागते आणि पट्टीच्या वाटेत काही अडकले तर सगळ्यात जास्त लागते.

तायशेट्यांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि एका मासिकातल्या आकृतीवरून सर्किट जुळवले. ते त्यांनी नीट जुळवले, हे मान्य करायला हवे. चार नवे पेन्सिल सेल डबीत घातले, एका मोटरच्या पट्टीला चमचा बांधला. चमचा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. आठवडाभर तो चमचा पाहिल्याशिवाय त्यांच्या मजल्यावरून कुणाला पुढे जाता आले नाही.

खालच्या मजल्यावरचे धनाजी यांनाही तो पाहावा लागला. धनाजी पाटणकडचे, कांदा-बटाटा मार्केटात माथाडींच्या टोळीचे मुकादम. दुपारी मार्केटातून दमून आलेले असत.

“चमच्यात काय हाय?” त्यांनी विचारले.

“काही नाही. वर कसा जातोय ते बघा.”

“आमच्या घरात रोजच जातुया. त्यात आमटी असती.”

“मुकादम, एक मोटर चालली म्हणजे सहा चालल्या. एकाचं गणित सुटलं की सहाचं सुटतं. याच्यावर अख्खा देखावा हलवून दाखवतो तुम्हाला.”

“दाखवा की,” असे म्हणून धनाजी जेवायला गेले.

बोलता बोलता निघालेला देखावा तायशेट्यांच्या डोक्यात बसला. त्याला कारण सुभाषशेठ होते. सुभाषशेठांची वाशीला सोन्याचांदीची पेढी. सरोजिनीबाई तिथे बांगड्या उजळून घ्यायला गेल्या होत्या, तायशेटे सोबत होते. शेठ कुणाला तरी सांगत होते की दिवाळीला शोकेसमध्ये हलणारी लक्ष्मी ठेवायची आहे. तायशेटे मध्ये पडले.

“शेठ, ते काम माझ्यावर सोडा.”

“तुम्ही करता असलं?”

“तेच करतो.”

शेठांनी त्यांना बसायला सांगितले. “हे बघा, फुटपाथवरचा माणूस थांबला पाहिजे. लक्ष्मीच्या हातून नाणी पडताना दिसली पाहिजेत. पण शोकेसमध्ये वायर नको. मागच्या दिवाळीला दिव्यांच्या माळेने मखमल जळली, आग लागता लागता राहिली. सेलवर होत असेल तर बोला.”

“सेलवरच होणार. खास नाही, घरातले साधे सेल.”

“चालताना बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही.”

“आमच्या सोसायटीच्या गणपतीला या. समुद्रमंथन दाखवतो. सेलवर.”

“गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी येतो,” शेठ म्हणाले. “पसंत पडलं तर तिथेच ठरवून टाकू.”

आता या ऑर्डरवर बरेच काही अवलंबून होते. वाशीच्या त्या रस्त्यावर साड्यांची, चपलांची, घड्याळांची दुकाने होती आणि प्रत्येकाला शोकेस होती. पहिली लक्ष्मी बसली असती तर पुढची कामे तिला बघून आली असती. तायशेट्यांना पुन्हा सकाळी घराबाहेर पडता आले असते. सरोजिनीबाईंनी तर घाई करून ऑफिसात सांगून टाकले की मिस्टरांनी स्वतःचे सुरू केले आहे. दोन वर्षे त्या डब्याच्या सुट्टीत हा विषय टाळत होत्या.

सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो. तिथली वीज कॉमन मीटरवरची. आदल्या वर्षी बी विंगवाल्यांनी मोठी रोषणाई केली होती, तेव्हा सर्वसाधारण सभेत तायशेट्यांनीच उठून ठराव मांडला होता की पुढे कॉमन मीटरवर एक ट्यूब आणि एक पंखा यापलीकडे काही लावू नये. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण बी विंगवाले त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. देखाव्याची बातमी पसरली तेव्हा ते ठरावाची आठवण करून द्यायला सगळे आले. तायशेटे हसले. आपला देखावा सेलवर चालतो, असे त्यांनी सांगितले.

मग सेलचा खर्च कुणी करायचा, असा प्रश्न निघाला. अध्यक्ष शिवराम खानोलकर मंत्रालयातून निवृत्त झालेले. खर्चाचा कुठलाही विषय खर्च न करता मिटवण्यात त्यांचा हातखंडा होता. ते म्हणाले, सहकारी संस्था आहे, सहकाराने करू. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तायशेट्यांच्या अक्षरात सूचना लागली. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, श्रींच्या विद्युतविरहित चलदेखाव्यासाठी प्रत्येक सदनिकेने चार पेन्सिल सेल चालू स्थितीत जमा करावेत.’

मध्यमवर्गीय घरात सेल मरत नाही, त्याची बदली होते. नवा सेल आधी वॉकमनमध्ये किंवा कॅमेऱ्यात जातो. तिथे दमला की टीव्हीच्या रिमोटमध्ये. रिमोटला चापट्या मारायची वेळ आली की भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळ मागे पडू लागले की गॅलरीत उन्हात ठेवून त्याला आणखी एक संधी देतात आणि शेवटी तो ड्रॉवरमध्ये जातो, असावा म्हणून. सूचना लागल्यावर सागरछायामधले हे ड्रॉवर उघडले गेले. ज्यांचे ड्रॉवर रिकामे होते त्यांनी घड्याळे उघडली. जमा करायला आलेल्यांत वेष्टन न फोडलेले नवे सेल एकानेही आणले नाहीत. तायशेट्यांनी स्वतःच्या घरचे चार दिले तेही रिमोटमधून काढलेले. चमच्याच्या वेळचे नवे सेल केव्हाच तिकडे बदलून गेले होते.

तळमजल्यावरच्या विजयमालाबाई दोन मोठे सेल घेऊन आल्या, टॉर्चचे.

“चार पेन्सिल सेल सांगितले होते, ताई.”

“हे मोठे आहेत. दोनात चाराचं काम होईल.”

“डबीत बसत नाहीत.”

“डबी मोठी करा. देवाच्या नावाने दिलेलं मी परत घरात नेत नाही.”

धनाजींनी चार पेन्सिल सेल आणले.

“नवीन आहेत ना?”

“एकदम. आत्ताच तर बसिवलेले घड्याळात, पाडव्याला.”

पाडव्याला जाऊन पाच महिने झाले होते. तायशेट्यांनी सेल ठेवून घेतले.

प्रत्येक सेल त्यांनी मीटरवर मोजला. मीटर जपानी होता आणि कारखान्यातल्या दिवसांची ती एकच खूण त्यांच्याकडे होती. एकाचे दीड व्होल्ट भरले, दुसऱ्याचे त्याहून किंचित कमी, तिसऱ्याचे पुन्हा दीड. चार सेल मिळून सहा. “बघा, सहा,” असे ते प्रत्येकाला काटा दाखवून सांगत.

ज्या सेलकडे कुणी काही मागत नाही, तो दीड व्होल्ट दाखवतो. निवृत्त माणूस आरामखुर्चीत पेपर वाचताना धडधाकट दिसतो, तसे ते आहे. साध्या सेलला एका मोटरचे काम झेपते. सहा मोटरींनी एका वेळी झटका मारला की आतून तेवढी वीज निघत नाही. सहा व्होल्टचे चार होतात, चाराचे तीन होतात. मोटर मंदावते, आणि मोटरीला हुकूम देणारे सर्किटही त्याच सेलवर असल्यामुळे तेही भलतेसलते हुकूम देऊ लागते. हे कळायला मोठे शिक्षण लागत नाही. मोटरी चालू असताना एकदा मीटर लावला असता तर काटा खाली पडताना दिसला असता. तायशेट्यांनी तो तेव्हा कधीच लावला नाही. स्टोअर्समध्ये माल फळीवर असतानाच मोजतात.

देखावा तयार झाला. थर्माकोलचे तीन देव, थर्माकोलचे तीन दैत्य, मध्ये मंदार पर्वत. वासुकी म्हणजे कापूस भरलेली हिरवी कापडी नळी, सरोजिनीबाईंनी मशीनवर शिवलेली. सहाही मूर्तींचे हात तायशेट्यांनी त्या नळीला घट्ट टाचले. त्यामुळे कुठलीही मोटर जराशी मागेपुढे झाली की ती बाकीच्या पाचांच्या विरुद्ध ओढू लागे. देवांना चार सेलांची एक डबी, दैत्यांना दुसरी.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती झाली आणि तायशेट्यांनी बटण दाबले. वासुकी इकडे सरकला, तिकडे सरकला. टाळ्या पडल्या. विजयमालाबाईंनी हात जोडले. टाळ्या थांबेपर्यंत देवांचे हात जड झाले होते आणि मग ते थरथरू लागले. दैत्यांनी वासुकी आपल्याकडे ओढला आणि तो तिकडेच राहिला.

“देवास्नी हिव भरलं,” धनाजी म्हणाले.

तायशेट्यांनी बटण बंद केले. चहा पिऊन परत दाबले तर मंथन पुन्हा चालले, तेवढेच. असे सेल जरा पडून राहिले की थोडे सावरतात. यावरून तायशेट्यांनी निष्कर्ष काढला की सेल थंड पडतात. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सगळे सेल त्यांच्या गॅलरीत सुपात मांडून उन्हात वाळत पडले. त्यांना पाळ्या लावण्यात आल्या. सकाळच्या आरतीचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे, राखीव वेगळे. नोकरी सोडल्यापासून तायशेटे इतके कामात कधी दिसले नव्हते.

तिसऱ्या दिवशी उन्हानेही भागेना. मग त्यांनी प्रत्येक डबीत एक नवा सेल घातला, तीन जुने.

“सगळेच नवे घाला ना,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“गरज नाही. विरजण लावतो ना आपण दुधाला? तसा एक नवा तिघांना उचलतो.”

“विरजणाने दुधाचं दही होतं. दह्याचं दूध होत नाही.”

“यात तुला कळत नाही, सरोज.”

एका ओळीत लावलेल्या सेलांत सगळ्यात दुबळा असेल तो बाकीच्यांना अडवतो. नवा सेल तिघांना उचलू शकला नाही आणि दोन आरत्यांत तोही त्यांच्यासारखा झाला.

देखावा बघायला दुसऱ्या सेक्टरांतून लोक येऊ लागले होते. पाहुण्यांसाठी जो तो बटण दाबे. सारसोळ्याहून मासळी घेऊन दारावर येणाऱ्या भिमाबाईंनी टोपली खाली ठेवून दोनदा पाहिले. “यो राकुस बरा वढतंय,” त्या म्हणाल्या. “देव नुसतं हात धरून हाय.” तायशेट्यांनी त्यांना व्होल्ट समजावून सांगितले. त्यांनी टोपली उचलली.

गौरी गेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना सरोजिनीबाईंनी पुन्हा विषय काढला. “अहो, आज शेठ येणार. येताना स्टेशनवरून आठ नवे सेल आणते. आजच्यापुरते घाला.”

“आणि सभासदांच्या सेलचं काय? मी सूचना लावलीय. शेठना काय सांगू, खास सेल लागतात म्हणून? घरातले साधे सेल म्हणजे घरातले साधे.”

“त्यांना काय कळणार आहे कुठले घातलेत ते?”

“मला कळेल ना.”

हे वाक्य प्रामाणिकपणाचे वाटते. तसे ते नव्हते. सोसायटीला नवे सेल दिसले असते, आणि आठवडाभर उन्हात सुपे मांडणारा माणूस चुकला होता असे ठरले असते. नवे सेलही सहा मोटरींना फार पुरले नसते. पण शेठ चहा पिऊन जाईपर्यंत पुरले असते.

शेठ दिवेलागणीला आले. गणपतीपुढे नारळ ठेवला, नमस्कार केला आणि देखाव्यासमोर ठेवलेल्या खुर्चीवर बसले. खानोलकर शेजारी. अर्धी सोसायटी मागे उभी. तायशेट्यांनी बटण दाबले, वासुकी हलला, आणि मंथन चालू असतानाच त्यांनी भाषण सुरू केले. त्यांना वाटले, पार्श्वभूमीला देखावा असला की बरे.

“शेठ, यात बाहेरची वीज शून्य. ही मोटर विमानात वापरतात. जपानी. आपल्याकडे हे कुणी करत नाही. याचं वैशिष्ट्य काय, तर...”

वैशिष्ट्ये तीन होती. दुसऱ्यापर्यंत पोचण्याआधी देवांचे हात थरथरायला लागले. पहिला देव थांबला. दुसरा उलट्या बाजूला ओढू लागला. तिसऱ्याने टाके तोडून एक हात थेट डोक्यावर नेला आणि वर्गात हजेरी देणाऱ्या मुलासारखा तिथेच धरून ठेवला. दैत्यांनी एक हिसका दिला. शिवण उसवली आणि वासुकीतला कापूस बाहेर आला.

“तायशेटे,” शेठ शांतपणे म्हणाले, “माझी लक्ष्मी अशी थरथरली तर गिऱ्हाईक पळून जाईल.”

मागे कुणी तरी हसले. तायशेटे वळले.

“देवांच्या डबीत कुणाचे सेल आहेत? चालू स्थितीत द्या म्हटलं होतं मी. घड्याळातले मेलेले आणून दिलेत. सोसायटीच्या कामात अशी फसवणूक?”

“मोठे बसत नाहीत म्हणालात, म्हणून घड्याळातला काढून दिला. आमचं घड्याळ भिंतीवर बंद पडलंय चतुर्थीपासून,” विजयमालाबाई म्हणाल्या. “कुकर शिट्ट्यांवर लावते, पण शाळेची बस शिट्ट्यांवर येत नाही. आणि फसवणूक म्हणे.”

“मेलेले असतील तर मोजा,” खानोलकर म्हणाले. “सगळ्यांसमोर मोजा. आरोप झालाय, तेव्हा निकाल झाला पाहिजे.”

तायशेट्यांनी मीटर आणला. देवांच्या डबीतले सेल काढले आणि एकेक मोजू लागले. बाहेर काढलेल्या, कुणाला काही न देणाऱ्या सेलांनी आपापले आकडे दाखवले. दीडच्या जवळ, दीडच्या जवळ, दीड.

“ह्यो माझा,” धनाजी पुढे झाले. “लाल पट्टीवाला. किती?”

“जवळजवळ दीड.”

“मंग मेल्याला कसा?”

तायशेट्यांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. “आकडा बरोबर आहे,” ते म्हणाले. “सेल चुकतायत.”

आता हसू लपवायचे कुणी कष्ट घेतले नाहीत. सरोजिनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या देखाव्याच्या मागे गेल्या, राखीव सेल दैत्यांच्या डबीत घातले आणि मोटरींच्या वायरी एकेक करून सर्किटमधून ओढून काढल्या. पाच काढल्या, एक ठेवली. त्या मोटरीवरच्या दैत्याचा हात नळीपासून कात्रीने सोडवला आणि बटण दाबले. हात वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. कुठेही अडखळला नाही. तेच उन्हात वाळवलेले सेल होते.

शेठांनी चहाचा कप हातात घेतला आणि बघत बसले. कप संपला तरी हात चालू होता.

“हे बरोबर आहे,” ते म्हणाले. “मला एवढंच पाहिजे. लक्ष्मीला हात चार, पण नाणी एकातूनच पडणार. तेवढा एक हलला की झालं. बाकीचे तीन मातीचे असू देत. सोमवारी पेढीवर या, शोकेसचं माप घ्या.”

ऑर्डर मिळाली होती. सरोजिनीबाई कात्री हातात धरून उभ्या होत्या. तायशेट्यांनी फक्त ‘येतो’ म्हणायचे होते.

“म्हंजे शेवटी चमच्यावरच आलं,” धनाजी मागून म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

तायशेटे पुढे झाले. “शेठ, एक हात हे काम झालं का? पोरंटोरंही करतील. मी तुम्हाला अष्टलक्ष्मी देतो. आठ मूर्ती, सोळा हात, सगळे हलते.”

“मला सोळा नकोत.”

“जरा वेळ द्या. सेलचं मी बघतो.”

“मला एक हात द्या, तायशेटे. सोमवारी.”

“अर्धवट काम मी करत नाही. एक हात हवा असेल तर तुम्ही दुसरा माणूस बघा.”

शेठांनी रिकामा कप खुर्चीखाली ठेवला. “बरं,” म्हणाले. प्रसादाचा पुडा घेतला, खानोलकरांना नमस्कार केला आणि गाडीकडे गेले.

वर घरात गेल्यावर सरोजिनीबाईंनी विचारले, “सोमवारी जायला काय झालं होतं?”

“येतील ते परत. त्यांना दुसरा कोण मिळणार आहे?”

“मी ऑफिसात सांगितलंय.”

“मग सांग, बोलणी चालू आहेत.”

त्यांनी तसे सांगितले नाही. डब्याच्या सुट्टीत कुणी विचारलेच तर त्या चटणीची कृती विचारत. शेठ परत आले नाहीत. तायशेट्यांनी महिनाभर सोमवारी कुठे जायचे टाळले, फोन आला तर घरी असावे म्हणून.

दिवाळीच्या खरेदीला दोघे वाशीला गेले तेव्हा पेढीसमोर गर्दी होती. शोकेसमध्ये निळ्या मखमलीवर लक्ष्मी बसली होती. तिचा पुढचा उजवा हात सावकाश वर येई, तळवा वळे, आणि नाणी खाली ठेवलेल्या चांदीच्या ताटात पडत. बाकीचे तीन हात स्थिर होते. वायर कुठे दिसत नव्हती. फुटपाथवर माणसे थांबत होती आणि त्यांतली काही आत जात होती. ते काम मुलुंडच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने केले होते, असे पेढीवरच्या नोकराने कुणाला तरी सांगितले.

तायशेटे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना दोष हवा होता आणि तो सापडायला वेळ लागला. “कोपर ताठ आहे,” ते म्हणाले. “आणि एकच हात.”

“हलतोय,” सरोजिनीबाई म्हणाल्या. पणत्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन त्या बसस्टॉपच्या दिशेने चालू लागल्या.

तायशेट्यांच्या शेजारी एक अनोळखी माणूस मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. तायशेटे त्याच्याकडे वळले.

“हे काम आधी माझ्याकडे आलं होतं,” ते म्हणाले. “मी नाही म्हटलं.”

“जरा बाजूला होता का,” तो माणूस म्हणाला, “तिला दिसत नाहीये.”